‘बाइट’ या संज्ञेचा अर्थेतिहास

व्यावसायिक संगणनाच्या परिभाषेत ‘बाइट’ ही संज्ञा आज इतकी रुळली आहे की, ‘आठ बिटांचा समूह’ हा तिचा अर्थ प्रारंभापासूनच निश्चित असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः हा अर्थ तिच्या कर्त्याने दिलेला नाही. एका यंत्रमालिकेच्या प्रसाराने तो तिला प्राप्त झाला.

‘बिट’ हा ‘बायनरी डिजिट’ या दोन पदांचा संकोच होय. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात तो योजला व त्याचे श्रेय जॉन ट्यूकी यांना दिले. ‘बाइट’ची निर्मिती १९५६ मधील. आय. बी. एम. कंपनीच्या ‘स्ट्रेच’ या संगणकाची आखणी चालू असता वेर्नर बुखहोल्ट्स यांनी ‘घास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ही संज्ञा बनविली. मूळ शब्दातील अंत्य ‘ई’ अनवधानाने गळल्यास ‘बाइट’चा ‘बिट’ होण्याचा धोका होता. म्हणून मधल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ घालण्यात आला. उच्चार तोच राहिला, बदलले ते केवळ लेखन. देवनागरीत मात्र या बदलाचे कारणच उरत नाही. कारण तेथे हा स्वरभेद लेखनातच स्पष्ट असतो.

बुखहोल्ट्स यांना अभिप्रेत असलेला बाइट निश्चित मापाचा नव्हता. ‘स्ट्रेच’मध्ये त्याची लांबी एक ते आठ बिटांपर्यंत बदलू शके. ‘अक्षरचिन्ह’ हा शब्द उपलब्ध असताना नवी संज्ञा योजण्याचे कारणही हेच: एकच चिन्ह निरनिराळ्या संकेतपद्धतींत कमीअधिक बिटांनी दर्शविले जाते. चिन्ह ही भाषेची बाब, बाइट ही यंत्राची, असा हा विवेक होता.

७ एप्रिल १९६४ रोजी आय. बी. एम.ने ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली आणि या विवेकावर पडदा पडला. सहा बिटांत ६४ चिन्हे मावत, आठांत २५६; त्यामुळे इंग्रजीच्या मोठ्या व लहान दोन्ही लिपींना अंकांसह जागा मिळाली. या मालिकेत बाइट आठ बिटांचा ठरला आणि एका बाइटात एक चिन्ह ही व्यवस्था कचेऱ्या, बँका व विमा कंपन्या यांच्या अंगवळणी पडली. तथापि जुना अर्थ लगेच लोपला नाही. डेक कंपनीच्या ‘पी.डी.पी.-१०’ या यंत्रात बाइटची लांबी वापरणाराच ठरवीत असे. म्हणूनच संदेशवहनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी संदिग्धता टाळण्यासाठी ‘ऑक्टेट’ हा शब्द पसंत केला.

एका बाइटात एक चिन्ह हे समीकरण इंग्रजीपुरते खरे होते. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या ‘यू.टी.एफ.-८’ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतचिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा. युनिकोडनुसार तो पाच चिन्हांचा, कारण काना व वेलांटी तेथे स्वतंत्र गणल्या जातात. आणि साठवणीत तो पंधरा बाइटांचा. ज्या आज्ञावलीत बाइट व चिन्ह एकच मानले जातात, तेथे निश्चित रुंदीच्या रकान्यात मराठी नाव मध्येच तुटते. बुखहोल्ट्स यांनी केलेला भेद असा पुन्हा आवश्यक ठरतो.

संज्ञेचा अर्थ व्यवहार ठरवितो, हे खरे. परंतु व्यवहाराने टाकून दिलेला अर्थ निरुपयोगीच असतो असे नाही, हेही या इतिहासावरून दिसून येते.