दप्तर आधी कुणाचं तपासायचं?

शाळेतली शिस्त, बालन्याय आणि विषमता असा आजचा विषय आहे. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न अगदी वर्गातला आहे. वर्गात कुणाचे पैसे हरवले, तर आधी दप्तर कुणाचं तपासलं जातं? आपल्या वाशीम जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बेड्यावरचं मूल वर्गात बसलेलं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. ते कुणी ठरवलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, आणि त्या घोषणेला कोर्टात आव्हान नाही. मग माणसांची नोंद, हजेरी आणि हिंडण्याफिरण्यावर बंधनं. पारध्यांवर हाच शिक्का बसला. १९११ च्या कायद्यानं तर सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला.

आता याच्या शेजारी १८९७ चा सुधारशाळा कायदा ठेवून बघा. त्यात मुलाला सुधारशाळेत धाडायचं, तर आधी कोर्टात गुन्हा शाबित व्हावा लागे. म्हणजे एकाच राज्यात दोन मुलं. एक गेला त्यानं काही केलं म्हणून, दुसरा गेला तो कुणाच्या पोटी जन्मला म्हणून!

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे थांबतो. शिक्षा आणि शिक्षण, दोन्ही शब्द ‘शिक्ष्’ या एकाच धातूचे, म्हणजे शिकणं. केलेल्या कृत्याबद्दल शिक्षा झाली, तर मूल निदान त्या कृत्याविषयी काही शिकेल. कृत्यच नसेल तर ते काय शिकणार? एवढंच, की मी काहीही केलं तरी चोरच ठरणार. मग चांगलं वागायचं कारण तरी काय उरलं?

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. पुढे १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात निदान कागदावर तरी जमात नव्हे, माणूस पाहायचा होता. नजर मात्र कागदाइतकी लवकर बदलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं अठरा वर्षांखालचं मूल निर्दोष हेतूचं मानावं, त्याला दूषण देणारे शब्द वापरू नयेत, असं तत्त्व घातलं. म्हणून सरकारी कागदात आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतं. शब्द जड आहे खरा, पण ‘बालगुन्हेगार’ या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो, तो इथे लागत नाही.

कुणी म्हणेल, सर, मग शिस्त लावायचीच नाही का? जरूर लावा. साठ पोरांचा वर्ग सांभाळणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. पण दप्तरं तपासायचीच असतील तर पाटलाच्या मुलापासून सगळ्यांची तपासा, नाहीतर कुणाचंच तपासू नका.

आणखी एक. अमेरिकेत शाळेतून तात्पुरतं काढलं जाण्याचं प्रमाण काळ्या मुलांमध्ये गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे, हे २०११-१२ च्या सरकारी आकडेवारीत दिसलं. ते दिसलं कशामुळे? तिथे शाळांना वंशानुसार मोजून कळवावं लागतं म्हणून. आपल्या दाखल्यावर जात असते, पण शिक्षा कुणाला झाली आणि कशासाठी, याची वही मी पाहिलेल्या शाळांत नव्हती.

इथे बरेच शिक्षक बसलेत, त्यांना एवढंच सांगतो. अशी एक वही घाला. शिक्षा कुणाला, कोणत्या कृत्यासाठी, आणि ते कृत्य पाहिलं कुणी, हे तीन रकाने पुरेत. वर्षाअखेरीस ती उघडा. ‘कृत्य’ हा रकाना ज्या नावांपुढे रिकामा दिसेल, ती नावं कोणत्या वस्तीतली आहेत ते बघा. १८७१ चा कायदा आपल्या शाळेतून गेला की नाही, ते त्या दिवशी कळेल.