* कॅथेटर अब्लेशन
हार्ट अटॅकनंतर स्नायूवर व्रण उरतो. त्यातल्या तग धरलेल्या पेशींमधून विद्युतप्रवाह गोल गोल फिरू लागला, की हृदयाचे खालचे कप्पे भरधाव धडधडतात. रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. अब्लेशनमध्ये मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन ती वाट शोधतात आणि उष्णतेने बंद करतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. मेल्विन शाइनमन यांनी वेगळ्या प्रकारच्या धडधडीसाठी नळीतून चक्क विजेचा झटका दिला होता!

अब्लेशन आणि औषधे यांची तुलना करणाऱ्या २०२४च्या ‘व्हॅनिश-२’ चाचणीत ४१६ रुग्ण होते. मृत्यू किंवा अशी गंभीर धडधड पुन्हा होण्याचे एकत्रित प्रमाण अब्लेशननंतर ५०.७ टक्के, औषधांवर ६०.६. फरक खरा, पण माफक.

अब्लेशनसाठी सातारा-सांगलीहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या रुग्णाने धडधड चालू असताना गावच्या दवाखान्यात काढलेला ईसीजी जरूर सोबत न्यावा. विद्युतप्रवाहाची ती वाट कुठे आहे याचा पहिला सुगावा त्यातच लागतो.