अनेक काचा, एक कागद

१८५७ साली मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात 'द टू वेज ऑफ लाइफ' हे छायाचित्र चांगलंच गाजलं. एक वडीलधारा माणूस दोन तरुणांना आयुष्याच्या उंबरठ्यावर घेऊन आला आहे. एकाला चैन खुणावते, दुसरा कष्टाची वाट धरतो. भोवती माणसांचा मोठा गोतावळा. एवढी माणसं एकाच वेळी कॅमेऱ्यापुढे कधी उभीच राहिली नव्हती. मूळचा स्वीडिश, इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला स्टुडिओ थाटलेला ऑस्कर रेलँडर यानं तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून हे चित्र घडवलं होतं.

निगेटिव्ह काचेच्या होत्या. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर एक काच ठेवायची, उरलेला कागद काळ्या मखमलीनं झाकायचा आणि उजेड दाखवायचा. मग ती काच उचलून पुढची नेमक्या जागी बसवायची. एक सांधा हुकला की सगळी मेहनत वाया. हे काम सहा आठवडे चाललं. व्हिक्टोरिया राणीनं १० गिनी मोजून प्रिन्स अल्बर्टसाठी एक प्रत घेतली.

राणीसारखं गिऱ्हाईक मिळूनही यातून धंदा उभा राहिला नाही. दुसरी प्रत काढायची तर त्याच काचा, तीच मखमल, तीच उठाठेव पुन्हा. शिवाय उघड्या देहांवरून टीका झाली आणि कॅमेऱ्यानं असं 'रचलेलं' दृश्य दाखवावं का, हा वाद पेटला तो वेगळाच. दोनच वर्षांत रेलँडर या जोडकामाला विटला.

कला मात्र टिकली. अमेरिकेत छायाचित्रकार जेरी युल्समन डार्करूममध्ये वेगवेगळ्या निगेटिव्ह लावलेले अनेक एन्लार्जर ओळीनं मांडून एकच कागद एकेका एन्लार्जरखाली सरकवत असे.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं, १९९४ च्या आवृत्तीत चित्रं एकावर एक रचता येणारे 'लेयर्स' आले आणि मखमलीचं काम पडद्यावर होऊ लागलं. पण पडद्यावरचं चित्र भिंतीवर कसं लावणार?

वाट सापडली ती छापखान्यात. आयरिस नावाचं यंत्र छपाईपूर्वी रंगांचं प्रूफ काढण्यासाठी बनलं होतं. फिरत्या ड्रमवर कागद गुंडाळायचा आणि त्यावर शाईचे सूक्ष्म तुषार उडवायचे, अशी त्याची रीत. गायक ग्रॅहम नॅश यानं सव्वा लाख डॉलरच्या आसपास किंमत असलेलं हे यंत्र घेतलं. जलरंगाचा जाड कागद त्यात मावावा म्हणून त्याच्या माणसांनी त्यात चक्क करवत चालवली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' सुरू झालं. तिथल्याच जॅक डुगॅननं या प्रिंटना 'झिक्ले' हे नाव दिलं. 'फवारणं' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून. सुरुवातीच्या शाया लवकर फिकट व्हायच्या. टिकाऊ पिगमेंट शाईचे प्रिंटर आले, तेव्हा गिऱ्हाइकाला निर्धास्तपणे प्रिंट विकता येऊ लागलं.

आता शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते. म्हणून प्रतींची मर्यादा कलावंतालाच घालावी लागते. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीनं १९९९ च्या 'ऱ्हाइन २' या नदीच्या छायाचित्रातून काठावरची माणसं आणि कारखाना संगणकावर पुसून टाकला आणि प्रती काढल्या फक्त सहा. त्यांतली एक २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेली.