कॉर्नवॉलिस, चार्ल्स : अमेरिकेतील मोहिमा

लॉर्ड चार्ल्स कॉर्नवॉलिस (३१ डिसेंबर १७३८ – ५ ऑक्टोबर १८०५). अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील (१७७५–८३) ब्रिटिश सेनानी व पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. वसाहतींसाठी हवे ते कायदे करण्याचा हक्क सांगणाऱ्या १७६६ च्या विधेयकाला त्याने उमरावांच्या सभागृहात विरोध केला होता. त्याच वसाहतींशी लढायला तो १७७६ मध्ये अमेरिकेत उतरला.

लाँग आयलंडच्या विजयानंतर त्याने न्यू जर्सीभर अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनचा पाठलाग केला. २ जानेवारी १७७७ च्या संध्याकाळी ट्रेंटनजवळ त्याला गाठलेही. मात्र निर्णायक हल्ला सकाळवर ढकलला. छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवून वॉशिंग्टन रात्रीतच निसटला आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्रिन्स्टनची लढाई जिंकली. त्याच वर्षी ब्रँडीवाइन येथे शत्रूच्या बगलेवर हल्ला करून कॉर्नवॉलिसने ही कसर काही अंशी भरून काढली.

त्याची खरी कसोटी दक्षिणेत लागली. मे १७८० मध्ये चार्ल्सटन पडल्यावर ब्रिटिश सरसेनापती क्लिंटन न्यूयॉर्कला परतला आणि दक्षिणेची सूत्रे कॉर्नवॉलिसकडे आली. १६ ऑगस्टला कॅम्डेन येथे त्याने अमेरिकन सेनापती गेट्सच्या सैन्याची दाणादाण उडवली. राजनिष्ठ वसाहतकरी मोठ्या संख्येने येऊन मिळतील, या भरवशावर सारी मोहीम आखलेली होती. किंग्ज माउंटन येथे ब्रिटिश अधिकारी फर्ग्युसनची राजनिष्ठांची फौज नष्ट झाल्यावर तो भरवसा संपला. जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्स येथे ब्रिटिश अधिकारी टार्लटनही हरला.

चिडलेल्या कॉर्नवॉलिसने अमेरिकन सेनापती ग्रीनच्या सैन्याला पकडण्यासाठी रॅम्सूर्स मिल येथे आपल्याच गाड्या, तंबू, जादा कपडे जाळले, रमची पिंपे फोडली. स्वतःचे सामानही त्याने आगीत घातले. एवढे करूनही ग्रीन डॅन नदीपार गेला. पुढे १५ मार्चला गिलफर्ड कोर्टहाउस येथे सुमारे १,९०० ब्रिटिशांनी दुपटीहून मोठ्या सैन्याला मैदानातून हटवले खरे, पण ब्रिटिशांची चौथाईहून अधिक माणसे मारली गेली वा जखमी झाली. असा विजय पराभवापेक्षा महागात पडतो. उरलेली थकलीभागली फौज घेऊन त्याने कॅरोलिना सोडून व्हर्जिनिया गाठले, ही त्याची सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे त्याची सारी भिस्त ब्रिटिश आरमारावर होती. ५ सप्टेंबरला द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने ते परतवून लावले, आणि जमिनीवरून वॉशिंग्टन व फ्रेंच सेनापती रोशांबो यांनी वेढा आवळला. चारा नसल्याने शेकडो घोडे मारून नदीत टाकावे लागले. स्वातंत्र्याच्या आशेने ब्रिटिशांकडे पळून आलेल्या कृष्णवर्णीय गुलामांपैकी अनेकांना, देवी आलेल्यांसकट, तटाबाहेर हाकलण्यात आले. रणनीतीची कोणतीही सबब हे कृत्य झाकू शकत नाही. १६ ऑक्टोबरच्या रात्री नदी ओलांडून निसटण्याचा बेत वादळाने उधळला. १९ तारखेला फौजेने शस्त्रे ठेवली. प्रकृतीचे कारण सांगून कॉर्नवॉलिस स्वतः आला नाही. तलवार देण्यासाठी त्याने आपला दुय्यम अधिकारी ओहारा याला पाठवले.

ब्रिटनमध्ये पराभवाचा ठपका मुख्यतः क्लिंटनवर आला. १७८६ मध्ये कॉर्नवॉलिस कलकत्त्यास गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूवरील स्वारीत, मे १७९१ मध्ये, श्रीरंगपट्टणजवळ बैल मेल्याने अवजड तोफा निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. उपासमार होत असलेली त्याची फौज सावरली ती हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी सैन्याबरोबर चालणाऱ्या भरल्या बाजारामुळे.