गंगाराम तांबटाचा गेंडा

पेशवेकालीन कागद म्हटला कीं संग्राहकाची दृष्टि मोडी ओळींवर खिळते. सुट्या चित्राकडे ती सहसा वळत नाहीं. परंतु चित्र हाहि अस्सल पुरावाच होय. पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा काढला. चित्राचा काळ नोव्हेंबर १७९० असा निश्चित असल्यामुळें, सवाई माधवरावांच्या शिकारखान्यांत त्या वेळीं गेंडा होता हें बखरीच्या साक्षीवांचून ठरतें.

गंगारामास आश्रय इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट याचा होता. पुढें तो चित्रकार जेम्स वेल्स याच्या हाताखालीं राहिला. वेल्स १७९५ त वारला. त्याच्या अभ्यासचित्रांच्या आधारें थॉमस डॅनियल यानें मॅलेटच्या पेशवेदरबाराचें चित्र सिद्ध करून १८०५ त लंडनच्या रॉयल अकादमींत मांडलें. गंगारामाचे कागद आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत. तेथील २०११ च्या प्रदर्शनांत ते त्याच्या नांवानिशीं लोकांपुढें आले.

यावरून आमची विनंति इतकीच कीं, वाघोलीकर जाधवरावांसारख्या सरदार घराण्यांचीं दप्तरें तपासतांना एखाद्या रुमालांत पशूचें वा झाडाचें चित्र आढळल्यास तें बाजूस टाकूं नये. पाठीवरील ओळ, साल व कागदाची जात प्रथम टिपून घ्यावी, चौकट मागाहून. प्रदर्शनाच्या तयारींत कडा कातरतांना कारागिराचें नांव गेलें, तर तो इतिहासांतूनच गेला असें समजावें.