करणी, भुंगे आणि नाकारलेले पाच वानर

जामखेडच्या शाळेतील नववीचा विद्यार्थी बीजगणितात ‘करणी’ हा शब्द वाचतो, तेव्हा तो दोन हजारांहून अधिक वर्षांची जुनी संज्ञा उच्चारत असतो. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखताना अपेक्षित क्षेत्रफळाचा चौरस ‘करणारी’ दोरी ती करणी. पुढे ज्या संख्येचे वर्गमूळ नेमके निघत नाही, तिला हेच नाव चिकटले.

इतिहासप्रेमींना हा तालुका खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईमुळे ठाऊक असतो. परंतु त्याची हद्द ज्या बीड जिल्ह्याला भिडते, त्या बीडचे नाव भास्कराचार्यांच्या गावाच्या शोधातही येते. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे भास्कराचार्य स्वतः सांगतात. ते नेमके कोठे, यावर एकमत नाही. बीड, विजापूर आणि चाळीसगावजवळचे पाटण ही नावे पुढे आली आहेत.

जन्म इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. करण्यांची बेरीज तेथे रीतसर शिकवली आहे: २ आणि ८ यांच्या करण्या मिळवल्या की १८ ची करणी येते. आधी २ + ८ = १०; मग गुणाकार १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८; एकूण १८. युरोपात √ हे चिन्ह छापले गेले १५२५ मध्ये, हे सहज लक्षात असावे.

आता भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले, आणि उरले एक जोडपे: कमळात अडकलेला भुंगा व बाहेर गुणगुणणारी भुंगी. थवा किती?

थव्याला ‘क्ष’ मानले तर मूळचिन्ह पाठ सोडत नाही. भास्कराचार्यांनी निम्म्याच्या मुळालाच अव्यक्त ‘या’ मानले. मग थवा झाला २या², आणि मूळ नाहीसे होऊन उरले २या² − ९या = १८. या = ६, थवा ७२.

या समीकरणाचे दुसरे उत्तर उणे दीड. त्यावरून थवा साडेचार भुंग्यांचा! मूळ धन घेतले, तर ही संख्या उदाहरणात बसतही नाही. मूळ काढून टाकताना असे आगंतुक उत्तर शिरते. म्हणून ताळा घ्यावाच लागतो.

दोन उत्तरांचा हा पेच त्यांच्या वानरांच्या उदाहरणांत अधिक रंगतो. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग खेळतो, बारा टेकडीवर: उत्तर ४८ किंवा १६, दोन्ही मान्य. दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून वर्ग केला, तो गुहेत गेला आणि एक वानर फांदीवर दिसला. उत्तरे ५० आणि ५. येथे पाच नाकारले गेले, कारण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन कसे जाणार? ऋण झालेल्या प्रत्यक्ष राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे त्यांचे कारण. आकड्यांत मात्र पाच अचूक बसतात. नियमापेक्षा येथे व्यवहाराला मान दिला गेला, आणि तो उघडपणे दिला गेला.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे नातू चांगदेव याने मठ स्थापला. १२०७ च्या दानाचा तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटणचा दावा त्यामुळे सबळ वाटतो खरा. पण नातवाचा मठ हा आजोबांच्या जन्मस्थानाचा पुरावा नव्हे.