बाबराच्या मैफली

बाबर म्हटला की मराठी वाचकास प्रथम आठवते ते पानिपत. शाळेतल्या पुस्तकांनी १५२६ हा सन आणि तोफांचा धूर यांची आमच्या मनात अशी काही गाठ मारून ठेवली आहे की, त्या धुरापलीकडचा माणूस सहसा दृष्टीस पडत नाही. तो पाहावयाचा असेल तर त्याने स्वतःच्या चगताई तुर्की भाषेत लिहिलेल्या आत्मवृत्ताकडे वळले पाहिजे. अब्दुर्रहीम खानखानान याने त्याचे फारसी भाषांतर करून १५८९ साली अकबरास सादर केले; पुढे इंग्रजी भाषांतरेही झाली. या ग्रंथात लढाया आहेत, वंशावळी आहेत, पशुपक्ष्यांची व फळाफुलांची बारीक वर्णने आहेत. आणि जागोजागी, चार मित्र जमवून केलेल्या मद्यपानाच्या बैठकीही आहेत. या बैठकींना राजविलासाच्या सदरात टाकून पुढे जाण्याची रीत आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, हिंदुस्थानात येऊन बाबराने काय मिळविले हे पानिपत सांगते, तर काय गमावले हे या मैफलींवाचून कळावयाचे नाही.

गंमत अशी की, हा मैफलींचा बादशहा वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मद्याच्या वाटेस गेलेलाच नव्हता. लहानपणी बापाने पेला पुढे केला असता त्याने काहीतरी निमित्त सांगून तो टाळला होता, आणि पुढे ख्वाजा काझी या गुरुतुल्य पुरुषाच्या वळणाने तो अधिकच कडक राहिला. १५०६ साली तो हेरातेस गेला. तैमूरवंशीयांचे ते वैभवशाली नगर. सुलतान हुसेन बायकरा नुकताच निवर्तलेला आणि त्याचे दोन पुत्र, बदीउज्जमान व मुजफ्फर, गादीवर एकत्र बसलेले. थोरल्याच्या मेजवानीत बाबरापुढे भाजलेला पक्षी आला. तो कसा कापावा हे त्यास उमगेना. तेव्हा बदीउज्जमानाने स्वतः तो कापून दिला. धाकट्याच्या मैफलीत पेले फिरू लागले आणि बाबराचे मन डळमळले. हेरातेसारख्या शहरात प्यायचे नाही, तर मग कोठे प्यायचे, असा विचार त्याच्या मनात आला. पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. थोरल्या भावाच्या हातून घेतले नाही आणि धाकट्याच्या हातून घेतले, तर थोरल्याचा अवमान होईल. अखेर दोघे भाऊ एकत्र बसवतील तेव्हाच प्यावे असे ठरले. पुढे बाबराचा वडीलधारा सरदार कासीम बेग याने मिर्झांना यजमानपणाचे बोल सुनावले आणि तो प्रसंग टळला. पहिल्या पेल्याच्या उंबरठ्यावरही हा तरुण चवीचा विचार करीत नाही. कोणाच्या हातून आणि कोणाच्या पंक्तीस, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर १५०८ ते १५१९ या काळातील आत्मवृत्ताचा भाग नष्ट झालेला आहे. १५१९ च्या जानेवारीत पडदा पुन्हा वर जातो, तेव्हा आपल्यासमोर एक निराळाच बाबर उभा असतो. काबूल हाती येऊन चौदा वर्षे लोटली आहेत; बागा लावून झाल्या आहेत; आणि बैठकींना खळ नाही. कधी नदीवरच्या तराफ्यावर, कधी इस्तालिफच्या झऱ्याकाठी, कधी एखाद्या सरदाराच्या घरी, मंडळी जमतात. गाणे होते, काव्य होते, थट्टा होते.

या काळातील बाबर मद्याचा केवळ भोक्ता नव्हता, चांगला पारखीही होता. काबूलची मद्ये मादक खरी, पण ख्वाजा खावंद सईदच्या टेकडीच्या पायथ्याचे मद्य तेजीबद्दल विशेष प्रसिद्ध, अशी तो नोंद करतो. दरा-इ-नूर या खोऱ्यात दोन प्रकारचे मद्य होई : आरा-ताशी आणि सूहान-ताशी. पहिले रंगाने पिवळसर, दुसरे गडद तांबडे. दोहोंत पहिले अधिक आनंददायक. परंतु दोहोंपैकी एकही आपल्या कीर्तीस पुरते उतरत नाही, असा निर्वाळा तो देतो. निज्रावचे लोक मद्य उकळून घेतात, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. काफिरिस्तानातील लोक गळ्यात मद्याची कातडी पिशवी अडकवून हिंडतात आणि पाण्याऐवजी तेच पितात, हे तो कौतुकाने सांगतो. कोणत्या खोऱ्यातील माल कसा, रंग कोणता, कीर्ती किती आणि खरी योग्यता किती, हे सारे चाखून, पडताळून, दोन ओळींत टिपण्याची त्याची हातोटी आहे. सैन्याची मोजदाद करणारी नजर आणि द्राक्षरसाची पारख करणारी जीभ या दोहोंच्या मागे एकच चोखंदळ बुद्धी होती.

बैठकीच्या रीतीबद्दलही त्याचे ठाम मत होते. एकदा नावेत काही मंडळी अर्क पीत होती आणि काही माजूम खाऊन बसली होती. दोन नशांची दोन टोळकी पडली, बडबड वाढली, एकमेकांवर शब्द गेले आणि सारा विरस झाला. माजूमवाले आणि पिणारे यांचे एका बैठकीत कधी जमावयाचे नाही, हे त्याने अनुभवाने लिहून ठेवले. उलट १५१९ च्या नोव्हेंबरातील एक दिवस पाहा. बाबरास राजेपणा बाजूस ठेवून मनमोकळेपणे बसावेसे वाटले. तो थेट तर्दी बेग खाकसार या फकिरी वृत्तीच्या जुन्या सोबत्याकडे गेला, त्याच्या हाती शंभर शाहरुखी ठेवल्या आणि मद्य आणावयास सांगितले. तर्दी बेग स्वतः जाऊन मद्याचा घडा घेऊन आला. तेथे हुलहुल आनिका नावाच्या एका स्त्रीनेही बैठकीत येण्याची इच्छा दर्शविली. आपण स्त्रीस मद्य पिताना कधी पाहिले नाही, तेव्हा तिलाही बोलवा, असे बाबराने सांगितले. एक कलंदर आला, एक रबाब वाजवणारा आला. चाकर नाहीत, मुजरे नाहीत, दरबार नाही. राजाला हवी असलेली आणि राजाला सहसा न मिळणारी अशी ती संध्याकाळ होती.

परंतु या मैफलींचे चित्र केवळ गुलाबी रंगात रंगविणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. त्याच १५१९ सालच्या जानेवारीत बाबराने बाजौरचा किल्ला घेतला आणि तेथे सरसकट कत्तल करविली. तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे तो स्वतः लिहितो. मुंडक्यांचा मनोरा उभारण्याचा हुकूम सुटला. आणि त्यानंतर काही दिवसांतच, त्याच किल्ल्यात, नवा अधिकारी म्हणून नेमलेल्या ख्वाजा कलानच्या घरी, शेजारच्या काफिरांनी आणलेल्या मद्याच्या बुधल्या फुटल्या आणि बैठक रंगली. एका पानावर कत्तल, दुसऱ्या पानावर मैफल. आणि लिहिणाऱ्याचा हात कोठेही कापत नाही. व्यसनाची पावलेही तो लपवीत नाही. भेऱ्यास एका रात्री तो नावेतून उतरला, हाती मशाल घेऊन घोड्यावर बसला आणि लगाम सैल सोडून छावणीपर्यंत दौडत गेला. सकाळी त्यास यांतले काही आठवेना. चाळिशीस मद्य सोडावयाचा त्याचा बेत होता. आणि त्यास आता वर्षाहून कमी अवधी उरला म्हणून तो अधिकच पिऊ लागला! चाळिशी आली आणि गेली; बेत तसाच राहिला.

वर आलेले ख्वाजा कलान हे नाव वाचकांनी विसरू नये. तो बाबराचा जिवलग. बाजौरास त्याची नेमणूक केली खरी, पण थोड्याच दिवसांत बाबराने त्यास विरहाच्या ओळी लिहून धाडल्या. पानिपतानंतर मोगलांची छावणी आग्ऱ्यास पडली तेव्हा उन्हाळा भयंकर होता. धूळ, उष्मा, अनोळखी मुलूख, वैरी झालेली प्रजा. सरदारांना काबूलच्या थंड वाऱ्याची आठवण येऊ लागली. बाबराने सभा भरवून त्यांना परोपरीने समजाविले. पुष्कळ जण राहिले. परंतु ज्याने सर्वांत आधी राहावे असा ख्वाजा कलानच परत जावयास निघाला. प्रकृती मानत नाही, हे कारण. जाताना दिल्लीतील आपल्या घराच्या भिंतीवर, सिंधू सुखरूप ओलांडली म्हणजे पुन्हा या देशाचे नाव काढणार नाही, अशा आशयाचा शेर त्याने लिहून ठेवला. बाबरास तो झोंबला. स्वतः मालक जेथे राहतो तेथे नोकराने असे लिहावे, हे त्यास रुचले नाही. त्याने उलट शेराने उत्तर दिले. तरीही मित्राला त्याने अडविले नाही. गझनीचा कारभार देऊन त्यास रवाना केले.

पुढच्याच वर्षी राणा संग चालून आला. मोगल सैन्यात घबराट होती. मुहम्मद शरीफ ज्योतिषी मंगळ प्रतिकूल असल्याचे सांगून तीत भर घालीत होता. याच सुमारास काबुलाहून बाबा दोस्त हा गझनीच्या उत्तम मद्याने लादलेल्या उंटांचे तीन तांडे घेऊन छावणीत पोहोचला. इतक्या दूरवरून आणविलेले ते मद्य, आणि नेमक्या त्याच वेळी, २५ फेब्रुवारी १५२७ रोजी, बाबराने मद्यत्यागाची शपथ घेतली. सोन्यारुप्याचे पेले व सुरया फोडून त्यांचे तुकडे गोरगरिबांस व दरवेशांस वाटले. छावणीतील मद्य जमिनीवर ओतले. बाबा दोस्ताने आणलेल्या मद्यात मीठ घालून त्याचा सिरका करविला. जेथे मद्य ओतले तेथे विहीर खणून शेजारी धर्मशाळा बांधण्याचा हुकूम दिला, आणि पुढे ती विहीर बांधून पूर्णही झाली. सुमारे तीनशे लोकांनी त्याचे अनुकरण केले. तीन आठवड्यांच्या आत खानव्याची लढाई त्याने जिंकली.

या शपथेत पश्चात्ताप किती आणि सैन्याचा धीर सावरण्याचा डाव किती, यावर वाद घालता येईल. आमच्या मते दोन्ही खरे होते. बाबर एकाच वेळी दोन्ही करू शकणारा पुरुष होता. पण शपथेनंतर काय झाले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आणि त्याचे उत्तर १५२९ च्या फेब्रुवारीत ख्वाजा कलानास लिहिलेल्या पत्रात सापडते. पत्र बहुतांशी कामकाजाचे आहे. काबूलच्या किल्ल्याची डागडुजी करावी, कोठारे भरावी, बागेत रोपे लावावी, अशा सूचना त्यात आहेत. कोणाही अधिकाऱ्याने कनिष्ठास लिहावे तसे! आणि त्यातच अचानक बादशहाचा कंठ दाटून येतो. नुकतेच कोणीतरी एक खरबूज आणून दिले. ते कापून खाताना आपणांस रडू आवरले नाही, असे तो कळवितो. मद्याबद्दलही तो आडपडदा ठेवीत नाही. दोन वर्षे बैठकीची ओढ इतकी अनावर होती की, डोळ्यांत पाणी येई. यंदा मात्र ईश्वरकृपेने ती ओसरली, आणि ख्वाजा अहरार यांच्या ग्रंथाचे पद्यात रूपांतर करीत बसल्याचा तो गुण असावा, असे तो म्हणतो. मग मित्रासही तो मद्य सोडण्याचा उपदेश करतो. कारण काय देतो? पापाचा धाक नव्हे. जिवाभावाचे सोबती असतील तर मद्याला गोडी. तुझ्याजवळ आता शेर अहमद आणि हैदर कुली यांच्यावाचून कोण आहे? तेव्हा तुला सोडणे कठीण जाऊ नये, असा त्याचा युक्तिवाद आहे.

हेरातेच्या मैफलीत तेविशीतल्या बाबराने विचारलेला प्रश्न आणि शेहेचाळिशीतल्या बादशहाने दिलेले हे उत्तर यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. विषय मात्र एकच. दरा-इ-नूरच्या पिवळ्या मद्याची बारकाईने पारख करणाऱ्या या माणसाने शेवटी गोडीचे माप पेल्यात शोधले नाही, पंक्तीत शोधले. म्हणूनच शपथेने त्याच्या हातचा पेला गेला त्याहून ख्वाजा कलानने सिंधू ओलांडली ही हानी मोठी होती. पेला त्याने स्वतः फोडला. मित्र मात्र परत आणता आला नाही.

परमुलखात नेमणुकीवर गेलेल्या माणसास हे समजण्यासाठी भाष्याची गरज नाही. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत मे महिन्यात रत्नागिरीची पेटी येते, तेव्हा पहिला आंबा कापल्यावर घरात क्षणभर जी शांतता पसरते, ती आमच्या ओळखीची आहे. पेटी रिकामी करावयास शेजारी पुष्कळ असतात. पण हा देवगडचा की पावसचा, यावर तावातावाने भांडणारा मित्र तेथे नसतो.

बाबराने आग्ऱ्याच्या आपल्या बागेत द्राक्षाचे वेल आणि खरबुजे लावविली होती. १५२९ मध्ये ती फळे हाती आली, तेव्हा हिंदुस्थानातही अशी द्राक्षे होतात याचे त्यास फार समाधान वाटले. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर १५३० रोजी, तो आग्ऱ्यास वारला. त्याचे दफन प्रथम तेथेच झाले. पुढे त्याचे अवशेष काबुलास नेण्यात आले. तेथील डोंगर उतारावरच्या बागेत, उघड्या आकाशाखाली, त्याची कबर आजही आहे. आग्ऱ्याच्या त्या द्राक्षांचे मद्य झाले नाही. ती त्याने खाल्ली, बरी आहेत असे म्हटले, आणि टिपून ठेवले.